खेळणे, रस्ता आणि लिलाव : डिझायनर खेळण्यांच्या कलामूल्याची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हाँगकाँग, टोकियो आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत जवळजवळ एकाच सुमारास एक नवा कलाप्रकार आकाराला आला. मुलांच्या हाती देण्यासाठी नव्हे, तर प्रौढांनी जवळ बाळगण्यासाठी घडवलेली, चित्रकाराचे किंवा ग्राफिटी करणाऱ्याचे नाव धारण करणारी व्हिनाइलची छोटी शिल्पे, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. ‘डिझायनर टॉय’ या नावाने ती ओळखली जातात. या खेळण्यांविषयी दोन टोकाची मते आढळतात. चाहत्यांच्या मते या वस्तूंनी कलेला संग्रहालयाच्या भिंतींतून मुक्त केले. विरोधकांच्या मते ती निव्वळ बाजारपेठेची करामत आहे. ही दोन्ही मते खेळण्याकडे फारसे न पाहताच बनलेली आहेत. पहिल्या मताला केवळ उत्साह दिसतो, तर दुसऱ्याला केवळ किंमत. प्रस्तुत लेखात काही निवडक आकृतींच्या आधारे या कलाप्रकाराचे बलस्थान आणि त्याची मर्यादा यांचा विचार केला आहे.

रस्त्यापासून दुकानापर्यंत

या प्रवाहाचे एक महत्त्वाचे उगमस्थान न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सापडते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कीथ हॅरिंग या चित्रकाराने स्थानकांतील रिकाम्या जाहिरात-चौकटींवरील काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने रेखाटने केली. ती कोणालाही विकत घेता येत नव्हती आणि जाता-येता कोणालाही पाहता येत होती. पुढे १९८६ मध्ये त्याने ‘पॉप शॉप’ हे दुकान उघडले आणि त्याच रेषा सदरे, बिल्ले व खेळणी यांवर अल्प किमतीत उपलब्ध करून दिल्या. कला बाजारात आणल्याचा आरोप त्याच्यावर झाला. मात्र हॅरिंगच्या भूमिकेत एक सुसंगती होती. ज्या प्रवाशांनी खडूची चित्रे पाहिली होती, त्यांनाच परवडेल अशी वस्तू त्याला द्यायची होती. त्याच्या निधनानंतरही (१९९०) हे दुकान २००५ पर्यंत चालू राहिले. रस्त्यावरील कलेने दुकानात प्रवेश करताना दिलेले आश्वासन ‘सर्वांसाठी’ हे होते. नंतरच्या साऱ्या वाटचालीची कसोटी हेच आश्वासन ठरते.

स्वतःचा चेहरा घडवणारे हाँगकाँग

१९९९ मध्ये हाँगकाँगमध्ये मायकेल लाऊ या चित्रकाराने ‘गार्डनर’ ही ९९ आकृत्यांची मालिका प्रदर्शित केली. त्याने आधी एका नियतकालिकात रंगवलेल्या चित्रकथेतील पात्रे येथे बारा इंची बाहुल्यांच्या रूपाने अवतरली. या आकाराला एक पूर्वेतिहास आहे. १९६४ पासून अमेरिकेत विकला जाणारा ‘जी. आय. जो’ हा सैनिक याच उंचीचा होता. लाऊने सैनिकाचा हा सांगाडा घेतला आणि त्यावर ढगळ कपडे, गोंदणे, कानांतील वाळ्या, स्केटबोर्ड व रस्त्यावरच्या तरुणांची बेफिकीर ऐट चढवली. आज्ञा पाळणाऱ्या देहाच्या जागी आज्ञा न मानणारा देह आला.

या बदलाचे महत्त्व हाँगकाँगच्या औद्योगिक इतिहासाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. युद्धोत्तर काळात या शहराने जगाला प्लॅस्टिकची खेळणी पुरवली. पण त्या खेळण्यांचे चेहरे बहुतांशी परदेशी मागणीनुसार ठरत. १९८० च्या दशकात कारखाने सीमेपलीकडे ग्वांगडोंग प्रांतात सरकले आणि शहराजवळ कौशल्याची केवळ स्मृती उरली. दुसऱ्यांची खेळणी घडवणाऱ्या शहराने प्रथमच आपल्या गल्लीतील माणसांची खेळणी घडवली, हे ‘गार्डनर’चे खरे मूल्य होय. येथे माध्यम आणि आशय परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. हाच आशय कॅनव्हासवर रंगवला असता, तर तो एक सामान्य व्यक्तिचित्रसंग्रह ठरला असता.

‘कम्पॅनियन’ : हसऱ्या उंदराची लाज

त्याच वर्षी टोकियोतील ‘बाउंटी हंटर’ या संस्थेच्या सहकार्याने ‘कॉज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रायन डोनेली या अमेरिकी कलावंताने ‘कम्पॅनियन’ ही आकृती ५०० प्रतींत काढली. न्यू जर्सीत जन्मलेल्या (१९७४) या कलावंताची सुरुवात ग्राफिटीतून झाली. बसथांबे व दूरध्वनी-कक्षांतील जाहिरातफलक काढून आणायचे, त्यांवर आपली कवटी आणि फुल्यांचे डोळे रंगवायचे आणि फलक पुन्हा जागेवर लावायचे, ही त्याची पद्धत होती. काही काळ त्याने व्यंगचित्रपटांसाठी पार्श्वभूमी रंगवण्याचेही काम केले. ‘कम्पॅनियन’मध्ये हे दोन्ही अनुभव एकत्र आले आहेत. हातमोजे, चड्डी आणि फुगीर बूट १९२८ मध्ये पडद्यावर आलेल्या मिकी माउसचे आहेत; डोके मात्र कवटीचे आहे आणि डोळ्यांच्या जागी फुल्या आहेत.

मिकीची मूळ कल्पना अक्षय प्रसन्नतेची आहे. तो पडतो, चेंगरतो आणि पुन्हा हसतो. डोनेलीने याच देहाला मर्त्यता दिली. २०१० मधील ‘पासिंग थ्रू’ या शिल्पात ही आकृती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेली दिसते. ज्या हातमोज्यांचे काम प्रेक्षकांना अभिवादन करणे, तेच येथे चेहरा लपवतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील मेसीज मिरवणुकीत हसऱ्या व्यापारी पात्रांच्या फुग्यांमध्ये याच मुद्रेतील प्रचंड फुगा तरंगला. आनंद विकणाऱ्या मिरवणुकीत लाजेने मान घातलेला एक सहभागी, असा तो प्रसंग होता. कोणत्याही भाष्यावाचून केवळ हाताच्या स्थितीतून साधलेला हा परिणाम कलात्मकच म्हणावा लागेल.

तथापि या यशातच आकृतीच्या ऱ्हासाचे बीज आहे. खिन्नता पहिल्यांदा पाहताना अस्वस्थ करते. शंभराव्यांदा पाहताना ती व्यापारचिन्ह बनते. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया बंदरात ३७ मीटर लांबीची आकृती पाण्यावर उताणी तरंगत ठेवण्यात आली. मुठीत मावणाऱ्या वस्तूत जी जवळीक होती, ती या आकारात हरवली. मागे उरली ती छायाचित्रासाठी सोयीची पार्श्वभूमी.

पृष्ठभाग आणि टंचाई

याउलट जपानच्या मेडिकॉम टॉय या कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या ‘बेअरब्रिक’चे उदाहरण आहे. ७ सेंटिमीटर उंचीचे हे अस्वल आरंभी टोकियोतील एका संमेलनात अभ्यागतांना भेट म्हणून देण्यात आले. पुढे २८ आणि ७० सेंटिमीटरच्या आवृत्त्या निघाल्या आणि असंख्य चित्रकारांनी व वस्त्रकंपन्यांनी त्यांवर आपापली नक्षी छापली. साचा मात्र तोच राहिला. ‘गार्डनर’मध्ये देह बदलतो, ‘बेअरब्रिक’मध्ये केवळ कातडी बदलते. अशा आकृतीत चित्रकाराचे काम वेष्टन सजवण्यापुरते उरते. संग्राहकाचा आनंदही पाहण्यातून मालिका पूर्ण करण्याकडे सरकतो.

येथेच टंचाईचा प्रश्न उपस्थित होतो. तांत्रिकदृष्ट्या हजारो प्रती सहज निघू शकणाऱ्या वस्तूची संख्या हेतुपुरस्सर थोडी ठेवली जाते. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोप पावते, असे वाल्टर बेन्यामिनने १९३० च्या दशकात प्रतिपादन केले होते. डिझायनर खेळण्यांनी या प्रक्रियेची दिशा उलटवली. यंत्राने निघालेल्या वस्तूभोवती अनुक्रमांक आणि मर्यादित आवृत्ती यांच्या साहाय्याने तेजोवलय पुन्हा निर्माण केले गेले. एप्रिल २०१९ मध्ये हाँगकाँगमधील सदबीजच्या लिलावात डोनेलीचे एक चित्र सुमारे ११.६ कोटी हाँगकाँग डॉलरला गेले. जून २०२५ मध्ये बीजिंगमध्ये कासिंग लुंग यांच्या ‘लाबुबू’ची माणसाच्या उंचीची प्रत १०.८ लाख युआनला विकली गेली. बंद पेटीतून कोणती आकृती निघेल हे न सांगणारी विक्रीपद्धतीही याच टंचाईची धाकटी बहीण आहे. हॅरिंगच्या ‘सर्वांसाठी’ या आश्वासनाचे रूपांतर ‘कदाचित तुमच्यासाठी’ या आमिषात झाले.

अनामिक हात

या खेळण्यांची निर्मितीप्रक्रिया चर्चेत क्वचितच येते. कलावंताच्या रेखाटनावरून मातीची किंवा मेणाची प्रतिमा घडवली जाते. तिच्यावरून धातूचा साचा तयार होतो. साच्यात पातळ व्हिनाइल ओतून तो तापवतात, आतल्या बाजूस थर धरला की उरलेले द्रव्य काढून टाकतात आणि मऊ असतानाच भाग ओढून बाहेर काढतात. त्यानंतर डोळे, ओठ, फुल्या रंगवल्या जातात. या प्रत्येक टप्प्यावर कसबी कामगार असतो. पण तळपायावर नाव उमटते ते एकट्या कलावंताचे. ग्राफिटी करणारा आपले नाव शहरावर लिहितो, कारण शहर त्याला ओळखत नसते. तोच जेव्हा इतरांच्या श्रमावर आपले नाव लिहितो, तेव्हा त्या नावाचा अर्थ बदलतो. बंडखोरीचा दावा करणाऱ्या कलेने हा प्रश्न टाळावा, ही तिची सर्वांत गंभीर उणीव होय.

समारोप

रोलाँ बार्थने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात खेळण्यांविषयी एक मर्मग्राही निरीक्षण नोंदवले आहे. तयार खेळणी मुलाला निर्माता न बनवता केवळ मालक व वापरकर्ता बनवतात, असा त्याचा आशय आहे. डिझायनर खेळण्यांच्या बाबतीत हे निरीक्षण प्रौढांनाही लागू पडते. किडरोबॉट या अमेरिकी कंपनीने काढलेली ‘मनी’ ही कोरी पांढरी आकृती येथे अपवाद म्हणून नोंदवता येईल, कारण ती घेणाऱ्याच्या हाती रंग देते. अशा आकृतीत उत्साह मालकीपाशी न थांबता कृतीपर्यंत पोहोचतो.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, डिझायनर खेळण्यांचे मूल्य ठरवताना किंमत आणि लोकप्रियता या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. आकृतीचा देह अर्थाला जन्म देतो काय, तिचा आकार पाहणाऱ्याशी कोणते नाते जोडतो आणि ती कोणाच्या श्रमाला नाव देते, हे तीन प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. ‘गार्डनर’ आणि आरंभीचा ‘कम्पॅनियन’ पहिल्या दोन प्रश्नांना समर्थपणे सामोरे जातात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र या प्रवाहाने अद्याप दिलेले नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादाशी परिचित असलेल्या मराठी समीक्षेला हा प्रश्न अनोळखी वाटण्याचे कारण नाही. तरुण वर्गाच्या या आवडीला बालिश ठरवून बाजूला सारण्यापेक्षा तिच्याकडे समीक्षेच्या गंभीर नजरेने पाहणे अधिक फलदायी ठरेल.