ओवी आणि तिची कर्ती

अक्षरशून्य स्त्रियांच्या ओव्यांचें कौतुक करण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत पडून गेली आहे. ‘किती अकृत्रिम! किती सहजस्फूर्त!’ असे उद्गार काढले कीं टीकाकाराचें कर्तव्य संपतें. हें कौतुक दिसावयास उदार, पण परिणामीं अन्यायाचें आहे. जी रचना रानफुलासारखी आपोआप उगवली असें आपण म्हणतों, तिची कोणी कर्ती होती हेंच त्यांतून नाकारिलें जातें.

ओवीची घडण कामाच्या गतींतून झाली आहे. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, शके 1212 ची. म्हणजे ओवी थोर ग्रंथाचें वाहन होण्यापूर्वींच मुसळाच्या उचलीबरोबर गाइली जात होती. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यास हात घालितात; फेऱ्याबरोबर चरण लांबतो, वैरण घालतांना कंठ क्षणभर विसावतो, आणि पुढचा चरण पुढच्या फेऱ्याबरोबर उठतो. छापील पानावर जी रचना आपणांस शिथिल भासते, ती जात्यावर शिथिल नसते. तेथें छंदाचें माप बोटांवर मोजीत नाहींत. तें खांद्यांत असतें.

परंतु गति माप देते, काव्य देत नाहीं. जातें घरोघर होतें. बहिणाबाई चौधरी (1880–1951) मात्र एकच झाली. खानदेशांतील ही निरक्षर शेतकरीण घरकाम व शेतकाम करतां करतां गाणीं रचीत असे. तीं घरच्यांनीं टिपून ठेविलीं, आणि तिच्या निधनानंतर 1952 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. टिपणारे हात घरांत नसते, तर तींहि ‘लोकगीतें’ या सदराखालीं अनामिक होऊन पडलीं असतीं, किंवा तिच्याबरोबरच गेलीं असतीं.

असाच भेद पनवेल तालुक्यांत दिसतो. सिडकोनें उभारलेल्या खारघर नगरांतील उंच इमारतींच्या शेजारीं कोपरा, बेलपाडा, मुर्बी हीं जुनीं गांवें आहेत. या टापूंतील आगरी समाजांत लग्नविधीच्या वेळीं धवले गाणाऱ्या स्त्रीस धवलारीण म्हणतात. इकडे हळद लागत असते, आणि तिचें गाणें त्या कृतीस धरून चालतें. तेराव्या शतकांत महदंबेनें गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगीं धवळे रचिले. त्यामुळें ती आद्य मराठी कवयित्री गणली जाते. शब्द तोच, प्रसंगहि तोच. मग एकीस वाङ्मयेतिहासांत मानाचें पान, आणि दुसरीचें नांवहि विचारावयाचें नाहीं, हा कोठला न्याय?

जात्याचे दिवस परत यावे असें आम्ही म्हणत नाहीं. पहांटेचें तें दळण कष्टाचें होतें, आणि पुष्कळ ओव्या त्या कष्टांचेंच गाऱ्हाणें सांगतात. आज खारघरची स्त्री दळण गिरणींत देते, तें योग्यच आहे. पण लेकरास थोपटतांना, भाकरी थापतांना, टेकडी चढतांना अंगांत लय येतेच. त्या लयीवर तिला चार शब्द सुचले, तर तें सभेंत म्हणण्याजोगें आहे कीं नाहीं, हा प्रश्न तिनें अगोदर स्वतःस विचारूं नये, आणि आपणहि तिला विचारूं नये.

टीकाकारानें मात्र दोन प्रश्न अवश्य विचारावे: हें गाणें कोणत्या हालचालींत घडलें, आणि तें कोणी घडविलें? हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांत लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या स्त्रियांचीं नांवें व गांवें त्यांसह नोंदविलीं. असा संग्रह हातीं आला म्हणजेच टीकेस खरें काम मिळतें. एकाच जात्यावर, एकाच विषयावर दोघी निरनिराळें काय म्हणाल्या, हें मग तोलून पाहतां येतें. आणि तोलून पाहणें हाच कवीचा खरा मान होय.