पत्र, दूत आणि भेट: फंक यांच्या उतरंडीवर एक शंका

आज मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचा लेख घेतेय. सायन्सवाल्यांनी पळू नका, मीही त्यातलीच. रॉबर्ट फंक यांचा १९६७चा हा लेख बायबलमधल्या पौलाच्या पत्रांवर आहे आणि त्या क्षेत्रात त्याचा हवाला सतत दिला जातो.

फंक यांचं म्हणणं थोडक्यात असं: पौल दूरच्या मंडळ्यांपर्यंत तीन वाटांनी पोहोचतो. पत्र, दूत आणि प्रत्यक्ष भेट. या तिघांत उतरंड आहे. पत्र सगळ्यांत खाली, दूत त्याच्या वर, भेट सर्वांत वर.

वाचताक्षणी पटतं. शब्द देही झाला असं मानणाऱ्या धर्मात देहाने हजर असण्याला वजन असणारच. योहानाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रातही लिहिणारा म्हणतो की शाई वापरण्यापेक्षा समोरासमोर बोलू. टाळेबंदीत चर्च बंद झाली तेव्हा ऑनलाइन उपासनेच्या वादात असेच दाखले पुढे आले. पण निष्कर्ष आपल्याला आधीपासूनच आवडत असेल तर पुरावा दुप्पट तपासायचा, हे लॅबमध्ये शिकलेलं इथेही लागू होतं.

करिंथकरांस दुसरं पत्र उघडा. पौलाची एक भेट दुःखाची झालेली दिसते. पुन्हा जायचा बेत होता, पण तो गेला नाही. का? तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, असं तोच सांगतो. जाण्याऐवजी त्याने रडत रडत एक पत्र लिहिलं. पुढे तीत तिकडची खबर घेऊन आला, की पत्र लागलं, पण माणसं वळली. म्हणजे जे भेटीने बिघडलं होतं, ते पत्राने आणि दूताने सावरलं. दहाव्या अध्यायात तर विरोधकांचा टोमणाच आहे: याची पत्रं जबरदस्त, माणूस समोर आला की फुसका. (हे मुळात एकच पत्र की जोडलेली अनेक, यावर अभ्यासकांत वाद आहे, म्हणून हा टोमणा मी जरा हात राखून वापरते.)

मार्गारेट मिचेल यांनी १९९२ मध्ये फंक यांना हाच धक्का दिला. त्यांची पद्धत बघा. नुसती उलट बाजूची वचनं गोळा करून त्या थांबल्या नाहीत. त्या काळी ग्रीक-रोमन जगात दूत कसे पाठवत, त्यांच्याकडून काय अपेक्षा असे, हे बाहेरचं साहित्य त्यांनी शेजारी ठेवलं. त्यातून दिसतं की दूत म्हणजे पाठवणाऱ्याची फिकी नक्कल नव्हे. तो दोन्हीकडचं बोलू शकतो आणि काही वेळा खुद्द पौलाला जमलं नसतं ते करतो. मला मिचेल यांची बाजू जास्त भक्कम वाटते.

माझी शंका मात्र त्याहून साधी, सॅम्पलिंगची आहे. पौल ज्या दिवसांत त्या माणसांसोबत जेवत-बोलत होता, त्या दिवसांत त्यांना पत्र लिहायची गरजच नव्हती. आपल्या हातात आलाय तो फक्त ताटातुटीचा डेटा. दूर असलेला माणूस भेटीचं गुणगान करणारच! शिवाय ‘शरीराने दूर, मनाने जवळ’ हे लिहायची तेव्हाच्या पत्रांत रीतच होती. आपल्याकडच्या जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम’ असायचंच, त्यावरून घरात कुणी आजारी नव्हतं असं तुम्ही काढाल का?

मग पौलाची ओढ नुसती रीत होती? नाही. थेस्सलनीकाकरांच्या काळजीने राहवेना, तेव्हा त्याने तीमथ्याला तिकडे धाडलं आणि स्वतः अथेन्समध्ये एकटा राहिला. वाक्य रीतीचं असू शकतं, पण सोबतचा माणूस पाठवून देण्याची किंमत रीतीपोटी कोण मोजतं? म्हणून थेस्सलनीकापुरतं फंक यांचं वाचन मला बरंचसं टिकणारं वाटतं. त्याचा सार्वत्रिक नियम केला की करिंथ आडवं येतं.

घरापासून लांब पीएचडी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ‘फोनवरची माया काय कामाची’ हे ऐकावं लागतं. ते म्हणणाऱ्यांना थेस्सलनीका आठवतं, करिंथ नाही. त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल म्हणतो की मी हे दूर असतानाच लिहितोय, म्हणजे आल्यावर मला कठोर व्हावं लागणार नाही.