सुरतेच्या वखारीचे एक पत्र

राजापूरच्या वखारीतले इंग्रज १६६१ साली शिवाजी महाराजांच्या कैदेत पडले. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याला वाऱ्यावर सोडले, अशा तक्रारी ते सुरतेला लिहीत राहिले. १६६२ साली सुरतेच्या कौन्सिलने त्यांना धाडलेले उत्तर पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली छापलेल्या इंग्रजी कागदपत्रांत वाचायला मिळते. परदेशी भांडवलाच्या जबाबदारीविषयी इतका सरळ मजकूर माझ्या वाचनात दुसरा नाही.

कैदेचा विषय निघताच कौन्सिल म्हणते की, कारण तुमचे तुम्हाला चांगले ठाऊक आहे. मग आधी नकार येतो: कंपनीचा माल राखताना तुम्ही सापडला नाहीत. खरे कारण त्याच दमात येते: पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून तुम्ही गोळे टाकलेत.

सगळे पत्र या निशाणावर तोललेले आहे. १६६० साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने महाराजांचा पन्हाळा वेढला, तेव्हा राजापूरचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन तिथे गेला. बंदरात तेच निशाण म्हणजे व्यापाऱ्याची ओळख. त्याच्या आसऱ्याने माल उतरतो, जकात ठरते, कौल मिळतो. ते गडावर गोळे टाकणाऱ्या तोफेजवळ फडकले की कौलाचा आधारच संपतो. कौन्सिलने हे कायद्याच्या भाषेत सांगितले नाही. नुसते निशाण दाखवले, आणि ते पुरते.

पुढचे वाक्य या पत्राचा गाभा आहे. परक्या मुलखातला व्यापारी ढवळाढवळ न करता राहिला तर सुखाने राहू शकतो. केली तर परतफेड होणारच, हे त्याने धरून चालावे. संरक्षण वागणुकीला बांधलेले आहे, हे कंपनीचेच लोक आपल्याच माणसांना ऐकवत आहेत!

आजच्या गुंतवणूक करारांत हे सापडायला फार शोधावे लागते. कित्येक दशके या करारांत सरकारने गुंतवणूकदाराला काय द्यावे, एवढेच असे. भारताच्या मार्च २०१५ च्या आदर्श गुंतवणूक कराराच्या मसुद्यात गुंतवणूकदाराच्या कर्तव्यांचे वेगळे प्रकरण होते. डिसेंबरात मंजूर झालेल्या रूपात देशाचे कायदे पाळण्याचे बंधन टिकले, पण मानवी हक्कांसारख्या गोष्टी सामाजिक उत्तरदायित्वाच्या कलमात गेल्या आणि तिथे भाषा स्वेच्छेची, प्रयत्नाची झाली. उर्बासेर विरुद्ध अर्जेंटिना या खटल्यात ब्युनोस आयर्स प्रांतातल्या पाणीपुरवठ्याचा वाद होता. तिथे २०१६ साली लवादाने कबूल केले की कंपनीही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या बाहेर नाही आणि मानवी हक्क पायदळी तुडवण्याची मुभा तिला नाही. मोठे पाऊल होते; तरी पाण्याच्या हक्कावर आधारलेला अर्जेंटिनाचा प्रतिदावा फेटाळला गेला.

सुरतेच्या पत्राची मर्यादाही ढवळाढवळीच्या त्या वाक्याजवळच आहे. अशा अपमानाचा सूड उगवण्याचे बळ असलेला कोणीही हेच करता, असे कौन्सिल लिहिते. म्हणजे चूक मोजली ती दुखावलेल्याच्या ताकदीवर. गडावर वेढ्यात अडकलेल्या, डोक्यावर गोळे पडत असलेल्या माणसांचा या वाक्यात उल्लेखही नाही. महाराजांकडे सैन्य होते म्हणून व्यापाऱ्याला जाब विचारला गेला. ज्या गावाकडे सैन्य नाही त्याचे काय, याला सुरतेच्या शहाणपणात जागा नाही. शिवाय हे शहाणपण हिशेबापुढे टिकलेही नाही. सुरतेचा प्रेसिडेंट जेराल्ड ऑन्जियर याच्या काळात कंपनीने १६६१ साली झालेल्या राजापूरच्या लुटीची भरपाई मागण्याचा तगादा सोडला नाही, आणि महाराजांशी झालेल्या १६७४ च्या तहात दहा हजार होनांवर तडजोड झाली. भरपाईचा आकडा ठरला. पन्हाळ्यावरच्या गोळ्यांचा हिशेब कंपनीकडून कोणी घेतला नाही.

उर्बासेरमध्येही पाण्याचा हक्क सरकारने मांडला. ज्या वस्त्यांच्या नळांचा प्रश्न होता, त्यांना त्या लवादापुढे पक्षकार म्हणून उभे राहता येत नव्हते.