खतावणीशिवाय लिहिलेली चरित्रं

हिवाळ्यात खानदेशातल्या दोंडाईचात उतरलं की मिरचीचा ठसका आधी घशाला लागतो. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते, बायका देठ खुडत बसलेल्या असतात. इथल्याच एका आडत दुकानाच्या माळ्यावर मी जुन्या वह्या पाहिल्या. आडव्या, लाल कापडात बांधलेल्या. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि ‘लाभ-शुभ’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शेतकऱ्याला दिलेली उचल, हमाली, तोलाई आणि मधेच घरच्या लग्नाचा खर्च. म्हातारे मुनीम म्हणाले, “आते ह्या वह्या कोन वाचस?”

त्यांचा प्रश्न मराठी चरित्रकारांनाच विचारायला हवा. व्यापाऱ्याचं चरित्र आपल्याकडे बहुधा अमृतमहोत्सवाला किंवा पहिल्या पुण्यतिथीला निघतं. हलाखीचं बालपण, छोटं दुकान, भरभराट, दानधर्म आणि शेवटी सत्काराचे फोटो. भाव कोसळला त्या वर्षी पेढी कशी तगली, कोणाचं देणं थकलं, कोणी सांभाळून घेतलं, यातलं काहीच त्यात नसतं. नायकाला मोठं करण्याच्या नादात त्याचा धंदाच वगळला जातो.

विद्वानाची गत याच्या उलट आहे. त्याच्या चरित्रात पैसाच नसतो, उरतो फक्त विक्षिप्तपणा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या तापटपणाच्या आख्यायिका शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. पण 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसपर्यंत गेली, तेव्हा कागदाचा, छपाईचा, प्रवासाचा खर्च कोण सोसत होतं? एवढं काम निव्वळ तपश्चर्येवर उभं राहत नाही. साने गुरुजींनी राजवाड्यांचं चरित्र लिहिलं ते जीव ओतून, मुलांनी त्यातून स्फूर्ती घ्यावी म्हणून. त्याकडून हिशेबाची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. मात्र नंतरच्यांनी त्यात भर घालायला हवी होती.

आणि इथेच खानदेश आपल्याला फार मोलाचं काही दाखवतो. दोंडाईचाहून ताप्तीकाठच्या रेल्वेने पूर्वेला निघालं की अमळनेर लागतं. तिथले गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. पुढे याच मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी एक तरुण आला आणि नंतर अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाला. ते साने गुरुजी! म्हणजे गिरणीचा नफा आणि एका विद्वानाचं चरित्र एकाच गावात, एकाच धाग्याने जोडलेले आहेत. तो धागा सबंध उलगडणारं, दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडणारं चरित्र माझ्या वाचनात नाही. शेठजी दानशूर म्हणून एका पुस्तकात, गुरुजी मातृहृदयी म्हणून दुसऱ्यात.

हे मराठीला झेपणारं नाही असं नाही. गं. दे. खानोलकरांनी ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’चे खंड लिहिले आणि त्याच हाताने सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं चरित्रही लिहिलं. लेखकांना वाहिलेली लेखणी जहाज, विमान, मोटार यांच्या उद्योगाकडे वळली आणि परकी वाटली नाही. उद्योजकाचा व्यवहार हाही चरित्राचा गंभीर विषय आहे, ही त्यांची समज मला आजही दुर्मीळ वाटते. जळगावच्या भवरलाल जैनांचं ‘ती आणि मी’ वेगळ्या जातीचं; पत्नीबरोबरच्या संसाराची ती आठवण आहे. ठिबक सिंचनात नाव काढलेला माणूस घराकडे वळून बघतो, म्हणून कितीतरी गौरवग्रंथांपेक्षा ते मला जवळचं वाटतं.

साधनंच नाहीत, ही सबब मला पटत नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून उभं आहे. तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली हस्तलिखितं आहेत. देव पेशाने वकील होते. वकिलीची मिळकत आणि रामदासी बाडांचा शोध एका आयुष्यात कसा सामावला, हा एकच प्रश्न एका उत्तम ग्रंथाला पुरेल. आपले चरित्रकार कपाटापर्यंत जातात आणि प्रस्तावनेपुरतं घेऊन परततात. खानदेशातलं चरित्रलेखन आज आळसाने दुबळं झालं आहे, असंच माझं मत आहे.

दोंडाईचा, शिंदखेडा, नंदुरबार, अमळनेरच्या पेढ्यांवरच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे: दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. त्यांतली मोडी लिपी वाचता येत नसेल तर राहू द्या, कापड बदलून बांधून ठेवा आणि धुळ्याच्या मंडळाला एक पत्र टाका.