चोखोबाची श्रद्धा आणि कर्ममेळ्याचा जाब

चोखामेळ्याविषयी आपल्याकडे दोन मते पक्की झाली आहेत. कीर्तनकार म्हणतात, चोखोबाने सारे सोसले पण देवावरचा विश्वास ढळू दिला नाही. दुःखितांनी हाच आदर्श ठेवावा. आपले तरुण समीक्षक म्हणतात, तो सोसत राहिला, म्हणून तो आपला नव्हे. एक हात जोडतो, दुसरा पाठ फिरवतो. वाचतात मात्र दोघेही तेच चार-पाच अभंग. म्हणून प्रश्न नव्याने विचारला पाहिजे. ज्याला देवळाचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याने आतल्या देवावर विश्वास ठेवला म्हणजे नेमके काय केले?

माझ्या मते त्याने फिर्याद मांडली. चौदाव्या शतकात महाराचे गाऱ्हाणे पाटील ऐकत नव्हता आणि पुरोहितही ऐकत नव्हता. विठ्ठल तरी ऐकेल, हे गृहीत धरल्याशिवाय तोंड उघडायला जागाच नव्हती. बडव्यांनी मारल्याची, विटाळाचा आळ घेतल्याची तक्रार चोखोबाच्या अभंगांत स्पष्ट आहे. ती देवाला उद्देशून आहे, एवढ्यावरून तिला लाचारी म्हणता येणार नाही. ज्याच्यावर आपला हक्क आहे असे वाटते, त्याच्याशीच माणूस भांडतो.

या विश्वासाची मर्यादाही लपवू नये. आपला महाराचा जन्म हे पूर्वजन्मी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ, असे सांगणारा अभंगही चोखोबाच्याच नावावर आहे. येथे फिर्यादीच आरोपी होऊन बसतो. कर्मसिद्धांताने आमच्या माणसांचे सर्वांत मोठे नुकसान केले ते हेच. दुःख दिसत होते, पण दुःख देणारा नजरेआड झाला.

म्हणून चोखोबा एकटा वाचू नये, त्याचे घर वाचावे. त्याची पत्नी सोयराबाई विटाळाचाच विचार करते. प्रत्येक देहाची उत्पत्ती विटाळातूनच होते, मग सोवळे कोण राहिले, असा तिचा सवाल आहे. ती कर्माचा आधार घेत नाही, युक्तिवाद करते. मुलगा कर्ममेळा आणखी पुढे जातो. आम्हाला हीन जातीत घातलेस, जन्मभर उष्ट्यावर ठेवलेस, याची तुला लाज कशी वाटत नाही, असा जाब तो देवालाच विचारतो. बापाने जो दोष स्वतःच्या पूर्वजन्मावर घेतला, तो मुलगा देवाच्या पदरात टाकतो. एका पिढीत झालेला हा बदल आपल्या समीक्षेने पुरेसा नोंदवलेला नाही.

परंपरेनुसार इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा वेठीच्या इतर मजुरांबरोबर गाडला गेला. विठ्ठल धावून आला नाही. नामदेवाने विठ्ठलनाम उमटणारी हाडे ओळखून आणली आणि महाद्वारापाशी समाधी बांधली, अशी आख्यायिका आहे. मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेरच. हे दार अस्पृश्यांसाठी उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. फिर्याद देवाकडे होती, निकाल माणसांना लावावा लागला. तोही सहाशे वर्षांनी.

गांधींना दिलेल्या उत्तरात बाबासाहेबांनी संतांची मर्यादा परखडपणे दाखवली. संतांचा झगडा माणसामाणसांतल्या समतेसाठी नव्हता, देवापुढच्या समतेसाठी होता. याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. मार्ग नाकारता येतो आणि त्या मार्गाने रक्ताळल्या पायांनी चाललेल्या माणसाचा मानही राखता येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण आशेचा पत्ता बदलला. ती आकाशाकडून काढून स्वतःच्या प्रज्ञेवर आणि संघटनेवर ठेवली. हे योग्यच झाले. पण आजही रुग्णालयाच्या ओट्यावर, जळालेल्या वस्तीत एखादी म्हातारी देवाचे नाव घेते, तेव्हा कार्यकर्त्याने तिला हसू नये. तिचे गाऱ्हाणे ऐकायला दुसरे कोणी आले नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तिच्याजवळ बसावे, गाऱ्हाणे लिहून घ्यावे आणि ते जिथे न्यायला हवे तिथे न्यावे. शिक्षकांनीही वर्गात चोखोबा शिकवताना त्याच तासाला सोयराबाई आणि कर्ममेळा शिकवावेत. केवळ बापाची सहनशीलता शिकवून मुलाचा जाब गाळणे, हा अभ्यासक्रमातला विटाळच आहे.