पटावर आपली पोरं किती?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या नफेखोर कॉलेजाची माहिती काढून बघा. केस कापायला शिकवणारं, दवाखान्यातले मदतनीस तयार करणारं, दोन-तीनशे पोरांचं. 'नफेखोर' ही शिवी नव्हे. तिथं मालकाच्या नफ्यासाठी कॉलेज चालवायला कायद्यानं मुभा आहे. सरकार अशा कॉलेजांचे आकडे जाहीर करतं. पटावर किती, फी किती, काळे किती, गोरे किती, बाया किती. काही ठिकाणी निम्म्याहून जास्त काळ्या बाया दिसतात. बघणारा म्हणतो, वा! मोठमोठ्या विद्यापीठांना जमलं नाही ते यांनी करून दाखवलं.

ही वाहवा किती पोकळ आहे ते ट्रेसी मॅकमिलन कॉटम यांच्या 'लोअर एड' (२०१७) या पुस्तकात कळतं. या काळ्या समाजशास्त्रज्ञ बाई. संशोधनाकडे वळण्याआधी त्यांनी अशाच दोन कॉलेजांत पोरं भरती करण्याची नोकरी केली. त्यामुळे त्या दुकानाच्या आतून बोलतात.

त्यांची मांडणी सरळ आहे. नोकऱ्या कच्च्या झाल्या. कामगाराला शिकवायचा खर्च मालक टाळतो आणि म्हणतो, दाखला घेऊन ये. धोका सगळा कामगाराच्या डोक्यावर. ज्याच्या पाठीशी घर नाही, शेत नाही, वशिला नाही, त्याला कागदाची गरज सगळ्यात जास्त. दोन लेकरं सांभाळून कामाला जाणारी बाई मग कुठं जाणार? जिथं लगेच प्रवेश मिळतो आणि कर्जाचा फॉर्मही कॉलेजचाच माणूस भरून देतो, तिथं. ती मूर्ख नाही, असं बाई ठणकावून सांगतात. आपल्याकडचे पांढरपेशे 'ह्यांना कळतच नाही' म्हणतात ना, त्यांनी ही पानं जरूर वाचावीत.

आता पैशाकडे या. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीनं ३० शिक्षण-कंपन्या तपासून २०१२ साली अहवाल दिला. या कंपन्यांत २०१० साली भरती करणारे ३५,२०२ आणि नोकरी शोधून द्यायला मदत करणारे ३,५१२. म्हणजे आत ओढायला दहा, बाहेर पडताना हात द्यायला एक! उत्पन्नातले सुमारे २३ टक्के जाहिरात आणि भरतीवर, १७ टक्के शिकवण्यावर. त्यांच्या छोट्या दाखल्याची फी तशाच सरकारी कम्युनिटी कॉलेजच्या साडेचार पट. २००८-०९ साली आलेल्यांपैकी ५४ टक्के २०१० च्या मध्यापर्यंत दाखल्याशिवाय बाहेर पडले होते. कर्ज मात्र सुटलं नाही.

या मोठ्या कंपन्या. छोट्या कॉलेजची पाटी लहान असते, पण पैसा त्याच नळानं येतो. एकूण उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपर्यंत केंद्र सरकारची मदत आणि कर्ज घ्यायला अशा कॉलेजांना परवानगी आहे. म्हणजे जो जास्त गरीब, तोच पक्का गिऱ्हाईक, कारण सरकारी अनुदान आणि कर्ज तोच घेऊन येतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना घर-जमीन घेऊ दिली नाही, ते काळेच रांगेत पुढे दिसणार. पटावरची ही 'विविधता' समतेतून आलेली नाही. विषमतेवर दुकान मांडलं म्हणून ती दिसते.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी सरकारला धारेवर धरलं. शिक्षणाचा खर्च फीमधून वसूल करायचा, म्हणजे शिक्षणाचा धंदा करायचा, याला त्यांचा विरोध होता. पुढे १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना दार उघडलं. आपल्याकडे कायद्यानं नफा घेता येत नाही, कागदावर सगळे ट्रस्ट! पण तिथं आपलं पोरगं आलं की त्याच्या नावावर सरकारी शिष्यवृत्ती येते, फीची भरपाई येते. मग रिकाम्या बाकांच्या कॉलेजला आपली जात एकाएकी गोड वाटायला लागते. आपल्या वस्तीत फिरणारा एजंट सामाजिक न्यायासाठी फिरतो काय?

पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे. रोग नेमका ओळखला आहे, पण वाचून हात शिवशिवायला लागतात तेव्हा पुढं काय करायचं ते फारसं हाताला लागत नाही. ते लढणाऱ्यांकडून घ्यावं लागतं. कोरिंथियन ही अशीच एक मोठी कॉलेज-कंपनी २०१५ च्या एप्रिलमध्ये बुडाली. त्याआधी फेब्रुवारीत तिथल्या १५ माजी विद्यार्थ्यांनी जाहीर केलं, कर्ज फेडणार नाही. लोक हसले. संख्या वाढत गेली. जून २०२२ मध्ये सरकारनं तिथल्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. एकेकटा प्रत्येक जण स्वतःलाच दोष देत बसला असता तर एक पैसा सुटला नसता.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कुठल्याही कॉलेजनं 'आमच्याकडे मागासवर्गीय इतके टक्के' असा आकडा तोंडावर फेकला तर नुसत्या टाळ्या पिटू नका. विचारा, आलेल्यांपैकी पास होऊन किती बाहेर पडले? कामाला किती लागले, आणि कसल्या कामाला? कुणाच्या डोक्यावर किती कर्ज? त्यांच्या नावानं आलेला सरकारी पैसा शिकवण्यावर किती गेला आणि कुणाच्या बंगल्यावर किती? आपल्यातले मास्तर किती?

एवढ्यांची उत्तरं लेखी घ्या. मग अभिनंदनाचा ठराव करा.