हरिश्चंद्राच्या आधीची फॅक्टरी

परवा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) पुन्हा पाहिला. परेश मोकाशींचा सिनेमा अजूनही तितकाच हसवतो. नंदू माधव यांचे फाळके बघत राहावेत असेच आहेत. पण यावेळी एक गोष्ट खटकली. सिनेमा सुरू होतो तेव्हा फाळक्यांनी छापखाना सोडलेला असतो. आपल्याला भेटतो तो जादूचे प्रयोग करणारा, हरहुन्नरी, जरा वेडा माणूस. छापखान्यात हा माणूस काय करत होता?

ब्लॉक बनवत होता. खिळ्यांच्या छपाईत करडा रंग नसतोच. शाई लागते किंवा लागत नाही. शून्य किंवा एक. मग फोटोतल्या गालावरची सावली छापायची कशी? चित्राचा फोटो बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या काचेतून काढायचा, म्हणजे सावलीचे लहानमोठे ठिपके होतात. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा, त्यावर ती निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा, कच्चा राहिलेला लेप धुवायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडा धातू झिजतो, ठिपके उंच राहतात. पत्रा जरा जास्त वेळ राहिला तर ॲसिड ठिपके बाजूनेही खातं आणि चेहरा फिका पडतो. इथे कंट्रोल-झेड नाही. शेवटी पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. वर्तमानपत्रासाठी इंचाला साधारण ६५ रेघांची जाळी, आर्ट पेपरसाठी १३३. बारीक जाळीचा ब्लॉक खरखरीत कागदावर छापला की चेहऱ्याचा चिखल.

तीनरंगी छपाईत हे सगळं तीनदा, आणि तिन्ही ठसे एकमेकांवर अचूक बसवायचे. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९मध्ये जर्मनीला गेले होते.

म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपण्याचा त्यांचा प्रयोग मला आता जादू वाटत नाही. एक्स्पोजरचा हिशेब हातात मुरलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या तंत्रज्ञाची ती पुढची पायरी होती. मोकाशींनी त्या कौशल्यापेक्षा वेडाला जास्त जागा दिली. विनोदाला वेड सोयीचं, हे मान्य. पण नोकरी सोडा, पॅशनमागे धावा ही गोष्ट आम्हाला रोज रील्समधून विकली जाते, आणि त्यातही डार्करूममधली वर्षं अशीच कापलेली असतात. दोन वर्षांपूर्वी याच सिनेमाच्या भरात मी रात्री राजीनाम्याचा मेल लिहिला होता. अजून ड्राफ्टमध्ये आहे.

एक शॉट पुरला असता: ॲसिडच्या ट्रेवर वाकलेले फाळके, पत्रा नेमका कधी बाहेर काढायचा ते बघत.